मॅम, मी पाहिलं होतं

सेसना १७२ च्या नव्या मॉडेलला इंधन काढून तपासायच्या १३ जागा असतात. दोन्ही पंखांखाली पाच-पाच आणि पोटाखाली तीन. प्रत्येक जागी पारदर्शक कप लावायचा, त्यातला दांडा वर दाबायचा, थोडं एव्हगॅस कपात घ्यायचं, कप उजेडाकडे धरायचा, रंग बघायचा, तळ बघायचा, वास घ्यायचा. मग पुढची जागा. पोटाखालच्या तीन जागांसाठी एप्रनवर, म्हणजे विमानं उभी करायच्या जागेवर, गुडघे टेकावे लागतात, आणि एप्रिलमध्ये सकाळी नऊला काँक्रीट असं तापतं की गुडघा टेकवत नाही.

कॅडेट किती जागांवर थांबतो, यावरून त्याच्या डोक्यात काय चाललंय ते मला लांबूनही कळतं. पंखांखालच्या चार-सहा, पोटाखालची एखादी, की लागलीच हात पुसत कॉकपिटकडे. अशा वेळी मी काही न बोलता जाऊन त्याच्याशेजारी उभी राहते. तो ओशाळतो आणि पुन्हा पहिल्या जागेवर जातो.

एव्हगॅस १०० एलएल निळसर असतं आणि पाण्याहून हलकं; एक लिटरचं वजन साधारण ७२० ग्रॅम. म्हणून टाकीत पाणी शिरलं तर ते तळाशी जातं आणि कपात थेंब होऊन बसतं. अर्धी रिकामी टाकी रात्रभर दमट हवेत राहिली की आतल्या पत्र्यावर दव धरतं. झाकणाचं रबर चिरलेलं असेल तर पावसाचं पाणी थेट आत जातं. हे सगळ्या मुलांना पाठ असतं. घाईत निसटते ती वेगळीच गोष्ट: कपात आलेलं सगळंच पाणी असेल तर थेंब दिसतच नाही. इंधन आणि पाणी यांच्यामधली रेषाही नसते, कारण इंधनच नसतं. ज्याचा डोळा फक्त थेंब शोधतोय तो थेंब नाही म्हणून समाधानाने पुढे जातो. निळा रंग आहे का, वास येतोय का, हे त्याने स्वतःला विचारलेलंच नसतं. आणि इंजिन अशा पाण्यावर लगेच बंद पडेल असंही नाही. इंजिनापर्यंतच्या नळ्यांमध्ये आधीचं चांगलं इंधन असतं, त्यावर टॅक्सी होते, रन-अपही होतो. पाणी पोहोचतं ते पूर्ण थ्रॉटल दिल्यावर, नाक वर उचललेलं असताना, पुढे धावपट्टी शिल्लक नसताना.

मी महाराष्ट्रातल्या एका छोट्या विमानतळावर उड्डाण शिकवते. आमच्याकडची मुलं आळशी नाहीत. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी २०० तासांचं उड्डाण लागतं. त्यासाठी घरच्यांनी चाळीस-पन्नास लाख, कधी त्याहूनही जास्त, उभे केलेले असतात. कुणाची जमीन गहाण असते, कुणाच्या वडिलांनी प्रॉव्हिडंट फंड मोकळा केलेला असतो. मूल इथे आलं की त्याला पहिल्या आठवड्यात एकच हिशेब समजतो: आज उडलो नाही तर आजचा तास गेला, आणि तास गेला की हॉस्टेलचा महिना वाढला. त्यात आपलं हवामान. उन्हाळ्यात अकरानंतर हवा इतकी तापलेली असते की विमान चढायला वेळ घेतं आणि थर्मलमध्ये उसळतं, म्हणून सगळ्यांना सकाळच हवी. पावसाळ्यात ढग खाली येतात. डिसेंबर-जानेवारीत धुकं. त्यामुळे दिवसातले उडण्याजोगे तास मोजकेच, आणि त्या तासांवर प्रत्येकाचं नाव लिहिलेलं.

मला सगळ्यात जास्त भीती धुक्याच्या सकाळची वाटते, तीही धुकं उठल्यानंतरच्या अर्ध्या तासाची. सहाला ब्रीफिंग झालेलं असतं. मुलं चहा घेऊन, फोन बघून, खिडकीतून बाहेर डोकावून तीन तास काढतात. नियमाने दृश्यमानता ५ किलोमीटर झाल्याशिवाय उडता येत नाही. नऊ वाजता टॉवर तो आकडा सांगतो आणि सगळी मुलं एकदम एप्रनवर धावतात. त्या तीन तासांत प्रत्येक विमानाची तपासणी दोनदा झाली असती. पण उडणार की नाही हे ठाऊक नसताना ओल्या विमानाखाली टॉर्च घेऊन कुणी वाकत नाही. तसं करणं त्यांना फुकट वाटतं. आणि उडायचं ठरलं की वाकायला वेळ नसतो. टो-बार पुढच्या चाकाला तसाच राहिलाय, सामानाच्या कप्प्याचं दार नुसतं लोटलेलं आहे, पंखावर चढून इंधनाचं झाकण बघायचं राहिलंय, हे सगळं मी त्याच अर्ध्या तासात पाहिलेलं आहे. पंखावरचं झाकण सैल राहिलं तर वरून वाहणाऱ्या हवेच्या ओढीने टाकीतलं इंधन बाहेर खेचलं जातं, आणि काटा हे लगेच दाखवेल याची खात्री नसते. म्हणून डिपस्टिक आत घालून मोजायचं आणि झाकण हाताने पिळून बघायचं. काट्यावर भिस्त ठेवायची नाही.

ऑक्टोबरमधली एक घटना सविस्तर सांगते, कारण ती घडल्यापासून माझी शिकवण्याची पद्धत बदलली.

पाऊस संपला होता. दसऱ्याची सुटी धरून एक विमान दोन-तीन दिवस उघड्यावर उभं होतं आणि त्याच्या पिटो ट्यूबवर लाल कव्हर चढवलेलं नव्हतं. पिटो ही डाव्या पंखाखाली पुढे आलेली छोटी नळी. तिच्या भोकात शिरणाऱ्या हवेच्या दाबावरून विमानाचा वेग कळतो. एका कॅडेटची सोलो सॉर्टी, म्हणजे एकट्याने करायचं उड्डाण, होती. शांत, अभ्यासू मुलगा, चेकलिस्ट तोंडपाठ. सेसनाचं वॉकअराउंड, म्हणजे उड्डाणाआधीची तपासणीची फेरी, कॉकपिटपासून सुरू होतं: मग शेपूट, उजवा पंख, नाक, आणि शेवटी डावा पंख. तो नाकापर्यंत आला, ऑइल पाहिलं. या मॉडेलमध्ये पाच क्वार्टच्या खाली ऑइल असेल तर उडायचं नाही, पूर्ण भरलं की आठ. तेवढ्यात डिस्पॅचमधून हाक आली की ऑथरायझेशनवर सही राहिलीय. तो गेला, सही केली, परत आला. परत आल्यावर त्याने डाव्या टाकीचं झाकण बघितलं, पंखाची मागची कड हलवून बघितली आणि आत बसला. पंखाची पुढची कड, म्हणजे पिटो, इंधन टाकीचा व्हेंट आणि स्टॉल वॉर्निंग, राहून गेली.

धावपट्टीवर त्याने थ्रॉटल दिला. आम्ही मुलांना शिकवतो की वेगाचा काटा हलला की मोठ्याने म्हणायचं, ‘एअरस्पीड अलाइव्ह’. तो म्हणायला गेला तर काटा शून्यावर. त्याने क्षणात थ्रॉटल मागे घेतला, विमान सरळ ठेवलं, ब्रेक लावले, टॉवरला सांगितलं आणि परत आला. हे सगळं त्याने अगदी बरोबर केलं आणि मी त्याला सगळ्यात आधी तेच सांगितलं. तसं विमान हवेत गेलं असतं तर नवख्या मुलाला वेग न कळता सर्किट मारून उतरावं लागलं असतं. इंजिनाचा आवाज, नाकाची उंची आणि आरपीएम यांवर ते जमतं, पण सोलोच्या सुरुवातीच्या दिवसांत कुणावर ती वेळ येऊ नये.

आमच्या जुन्या मेकॅनिकना सगळे मामा म्हणतात. मामांनी टॉर्च मारली. भोक मातीने बंद होतं, वरून बोटाने फिरवल्यासारखं गुळगुळीत. कुंभारीण माशीचं काम. त्यात तार घालायची नसते, माती आणखी आत जाते. मामांनी मागची जोडणी सोडवून नळी इन्स्ट्रुमेंटपासून वेगळी केली आणि उलट्या बाजूने हवा मारली. मातीच्या तुकड्यांसोबत सुस्त पडलेली एक हिरवी अळी बाहेर आली, माशीने आपल्या पिलासाठी ठेवलेली. मामांनी ती कागदावर घेतली आणि त्या मुलाला दाखवली.

मुलगा पांढराफटक पडला होता. तो म्हणाला, “मॅम, मी पाहिलं होतं. भोक स्वच्छ होतं, मला आठवतंय.”

मी त्याला काय-काय आठवतंय ते सांगायला सांगितलं. तो म्हणाला, पिटोच्या शेजारी पंखावर पक्ष्याची शीट वाळलेली होती, ती पुसायला हवी असं त्याच्या मनात आलं होतं. मामा आणि मी एकमेकांकडे पाहिलं. ते विमान सुटीच्या आदल्या दिवशी धुतलं होतं. पंख स्वच्छ होता. तो ज्या शीटेबद्दल बोलत होता ती मागच्या आठवड्यातली.

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच आठवत होतं. त्याच्या डोळ्यांनी ती नळी पाहिली होती, त्याच पंखाखाली, त्याच उन्हात, पण वेगळ्या दिवशी. एकच कृती आपण रोज त्याच क्रमाने करत गेलो की त्या सगळ्या दिवसांची मिळून मनात एकच आठवण उरते. त्या आठवणीवर तारीख नसते. मन घाईत असलं की आज न केलेल्या कामाच्या जागी तीच आठवण पुढे करतं, आणि आपण शपथेवर सांगतो की मी तपासलं. तोवर मी समजत होते की मुलं तपासणी टाळतात. त्या दिवशी मला कळलं की बऱ्याचदा त्यांना ती झालीय अशी मनापासून खात्री असते. म्हणून ‘नीट बघ रे’ असं कितीही वेळा सांगून उपयोग होत नाही. जो देवळाभोवती प्रदक्षिणा घालता घालता मनात बाजारहाट करतो, त्याचीही प्रदक्षिणा पूर्णच होते.

तेव्हापासून मी वॉकअराउंड संपलं की प्रत्येक कॅडेटला विचारते, “आज नवीन काय दिसलं?” उत्तर काहीही चालतं. डाव्या टायरवर छोटा काप आहे. प्रॉपच्या पात्यावर कालपर्यंत नसलेली बारीक खाच आहे, नखाने लागते. काउलिंगच्या फटीत गवताची काडी होती, साळुंकीने घरटं सुरू केलेलं दिसतंय. एका रिव्हेटभोवती काळपट धूर आलाय. ‘काही नाही मॅम’ हे उत्तर मी स्वीकारत नाही, परत पाठवते. विमान रोज काही ना काही बदलतं आणि तो बदल सांगण्यासाठी आजच बघावं लागतं. कालची आठवण इथे उपयोगी पडत नाही. मुलांना सुरुवातीला हे जाचक वाटलं. आता ती आपापसात पैज लावतात, आणि स्नॅग वहीत, म्हणजे बिघाडांच्या नोंदवहीत, आधी येत नसत अशा बारीक नोंदी येऊ लागल्या आहेत.

दुसरी गोष्ट मी भांडून मिळवली. वॉकअराउंड चालू असताना कॅडेटला कुणीही हाक मारायची नाही. सही असो, फोन असो, खुद्द मी असो. मारलीच तर त्याने पहिल्यापासून सुरू करायचं, जिथे सोडलं तिथून नाही. डिस्पॅचच्या ताईंना हे पटायला वेळ लागला, कारण त्यांच्यावरही वेळापत्रकाचा दबाव असतो. पण त्या मुलाला सहीसाठी बोलावणाऱ्या त्याच होत्या. ती अळी त्यांनीही पाहिली होती.

नवशिकेच चुकतात असं कुणाला वाटत असेल तर दोन अपघात सांगते. ३० ऑक्टोबर १९३५ ला अमेरिकेतल्या डेटनजवळ राइट फील्डवर बोइंगच्या मॉडेल २९९ या नव्या बॉम्बरची लष्करासमोर चाचणी होती. हेच विमान पुढे बी-१७ झालं. चालवणारे मेजर प्लॉयर हिल, सोबत बोइंगचे मुख्य चाचणी वैमानिक लेस्ली टॉवर. विमान उभं असताना वाऱ्याने शेपटीची पाती हलू नयेत म्हणून लावलेलं लॉक काढायचं राहिलं. विमान उठलं, नाक वर वर जात राहिलं, स्टॉल झालं आणि कोसळलं. हिल आणि टॉवर दोघेही गेले. त्यानंतर लष्कराच्या वैमानिकांनी उड्डाणाआधीच्या कामांची यादी कागदावर लिहून काढली. आज आपण वापरतो त्या चेकलिस्टचा पाया तिथला. आणि त्याला ७९ वर्षं होत असताना, ३१ मे २०१४ ला, मॅसॅच्युसेट्समधल्या बेडफर्डला एक गल्फस्ट्रीम जेट तसंच लॉक लागलेलं असताना धावपट्टीवर धावलं. लॉक लागलंय हे वैमानिकांना धावताना कळलं, पण थांबायला उशीर झाला. सात जण मरण पावले. ते छोटं विमान नव्हतं आणि ते वैमानिक नवखे नव्हते, दोघे वर्षानुवर्षं एकत्र उडत होते. तपासात त्या विमानाच्या आधीच्या १७५ उड्डाणांचा विदा काढला तेव्हा दिसलं की त्यांतल्या ९८ टक्के वेळा कंट्रोल पूर्ण हलवून बघण्याची तपासणी झालेलीच नव्हती. हा आकडा मी प्रत्येक नव्या बॅचला सांगते. इतक्या वेळा काही झालं नाही, म्हणून पुढच्या वेळीही ती टाळली गेली.

सेसनाचं लॉक साधं आहे, कंट्रोलच्या दांड्यातून घालायची एक पिन. तिला लाल पत्र्याचं निशाण असतं आणि ते इग्निशनच्या किल्लीवर येतं, म्हणजे पिन काढल्याशिवाय इंजिन सुरू करताच येऊ नये. पिन हरवली म्हणून कुणी तिथे खिळा अडकवला की ती सगळी योजना वाया जाते. आमच्याकडे खिळा दिसला तर विमान त्या दिवशी उडत नाही. आणि लॉक काढल्यावरही स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवायचं, अंगठा वर धरून: अंगठा ज्या बाजूला झुकेल त्या बाजूचं एलेरॉन वर उठलं पाहिजे. नुसतं हलतंय यावर समाधान मानायचं नाही, बरोबर दिशेला हलतंय का ते मान वळवून बघायचं.

इंधनाच्या रंगाबद्दल आणखी एक सांगायलाच हवं, कारण आपल्याकडे हा धोका वाढतोय. बॉब हूव्हर हे अमेरिकेतले नामांकित एअर शो वैमानिक होते. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ब्राउन फील्डवरून त्यांचं श्राइक कमांडर उडालं आणि लगेच दोन्ही इंजिनं गेली. इंधन भरणाऱ्या तरुणाने ते टर्बोप्रॉप समजून पिस्टन इंजिनाच्या विमानात जेट फ्युएल भरलं होतं. हूव्हरनी विमान एका घळीत उतरवलं, सगळे वाचले. परत आल्यावर त्यांनी त्या तरुणाला सांगितलं की उद्या माझ्या दुसऱ्या विमानात इंधन तूच भरायचंस. पुढे नळीच्या तोंडाचा आकारच बदलला, चुकीची नळी टाकीत शिरूच नये म्हणून. आज आपल्या अनेक प्रशिक्षण संस्थांत एव्हगॅसवर चालणारी सेसना आणि जेट फ्युएलवर चालणारी डायमंड एकाच एप्रनवर उभी असतात, दोन बाउझर शेजारी शेजारी. दोन इंधनं मिसळली तर निळा रंग फिका होतो पण पूर्ण जात नाही, आणि घाईत फिका निळा हा निळाच दिसतो. शंका आली तर पांढऱ्या कागदावर एक थेंब टाका. एव्हगॅस उडून जातं, जेट फ्युएलचा तेलकट डाग राहतो. मी खिशात कागद ठेवते.

आणि तपासणी विमानाभोवतीच्या फेरीपुरती नसते. वजन, हवामान, धावपट्टीची उंची, तापमान, हे सगळं तिच्यात येतं. ११ एप्रिल १९९६ ला अमेरिकेतल्या शायेनहून एक सेसना १७७ पावसात उडालं. त्यात सात वर्षांची जेसिका डुब्रॉफ, तिचे वडील आणि इन्स्ट्रक्टर होते. देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उडण्याच्या विक्रमाचा प्रयत्न गाजत होता, पुढच्या शहरांत मुलाखती ठरलेल्या होत्या. इंजिन सुरू केलं तेव्हा पुढच्या चाकाला अडवणारा चोक तसाच होता. इंजिन बंद करून तो काढावा लागला. विमान परवानगीहून ४० किलोहून जास्त जड होतं, विमानतळ सहा हजार फुटांहून उंच, वर वादळ येत होतं. उड्डाणानंतर लगेच ते कोसळलं आणि तिघेही गेले. तपास अहवालात घट्ट वेळापत्रक आणि माध्यमांना दिलेले शब्द यांचा उल्लेख आहे. तो चोक मला फार अस्वस्थ करतो. त्याने त्या सकाळी सगळं सांगितलं होतं. घाई कुठवर पोहोचलीय ते त्या एका चोकवरून दिसत होतं आणि तिथे थांबता आलं असतं. म्हणून माझ्या मुलांना नियम आहे: वॉकअराउंडनंतर अशी एखादी राहिलेली गोष्ट सापडली, चोक, टो-बार, कव्हर, काहीही, तर ती काढून पुढे जायचं नाही. इंजिन बंद, खाली उतरायचं, पहिल्यापासून सगळं पुन्हा. जे एक राहिलं त्याच्यासोबत आणखी काय राहिलं असेल ते आपल्याला माहीत नसतं.

हे सगळं एका इन्स्ट्रक्टरच्या आग्रहावर चालावं असं मला वाटत नाही. मी रजेवर गेले की धुक्यानंतरचा तो अर्धा तास पुन्हा पूर्वीसारखा होतो. संस्थेने तीन गोष्टी लिखित कराव्यात असं मी दोन बैठकांत मांडलं आहे. धुकं उठल्यावर सगळी विमानं एकदम सोडू नयेत, यादी नव्याने लावावी. दोन सॉर्टींमध्ये तपासणीसाठीचा वेळ फळ्यावर वेगळा लिहावा, तो उड्डाणाच्या वेळेतून कापू नये. आणि कॅडेटने तपासणीत काही सापडलं म्हणून सॉर्टी रद्द केली तर तिचा भुर्दंड त्याच्यावर पडू नये, त्याचा क्रमही मागे जाऊ नये. तिसऱ्या मुद्द्यावर सगळे अडतात. एव्हगॅस महाग आहे, विमान उभं राहिलं की पैसे बुडतात, आणि मुलं याचा गैरफायदा घेतील असंही कुणी म्हणतं. गैरफायदा घेणारा मुलगा मला अजून भेटलेला नाही. तास वाया जाऊ नये म्हणून स्नॅग मनातच ठेवणारे मात्र भेटलेत. पुढच्या सुरक्षा बैठकीत मी हाच मुद्दा पुन्हा मांडणार आहे, आणि या वेळी डिसेंबर-जानेवारीतल्या स्नॅग वहीची पानं सोबत नेणार आहे.